तिसरं वळण

आंबेरवाडीच्या सड्यावर झाड नाही,
सावली घरून न्यावी लागते.
मी छत्री नेली, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली,
दांड्यावर अजून डेपोचं नाव आहे.

तिकीट वीस रुपये.
पावती पुस्तक दहीकाल्याच्या वर्गणीचं,
वरचं खोडून निळ्या शाईत ‘मोटार शर्यत’.
“काका, तुमका तिकीट कसला?” दारावरची पोरगी म्हणाली,
“तुमच्याच गाडीन शाळेत गेलंय मी सात वर्सां.”
मी वीस रुपये तिच्या डब्यात टाकले.
पासावर जन्म गेला. आज नको.

जांभ्यावर चुन्याची रेघ.
वळणावळणाला टायर, काही ट्रकचे,
काही जेटीवरून आणलेले,
एकाला अजून कालवं चिकटलेली.
पलीकडे कडा, कड्याखाली समुद्र,
त्याच्या आणि शर्यतीच्या मध्ये एक सुतळी.

सहा मारुती, एक जीप,
आणि एक ओम्नी, जिच्यावरचं ‘ताजी मासळी’
दोन हात रंग देऊनही वाचता येतं.
दारं वेल्डिंगनं बंद, आत जायचं ते खिडकीतून.
माइकवर ढवण सर, गळ्यात शाळेचं स्टॉपवॉच:
“सात नंबर, पायात बूट घाल!”
मग बूट शोधण्यात वीस मिनिटं गेली.

मी तिसऱ्या वळणाला उभा राहिलो.
तिथं रेघ उगाचच आत मुरडते.
खड्डा नाही, दगड नाही.
ओम्नीखालून तहसीन सोलकर बाहेर आली,
ओढणी कमरेला, हातात पाना,
पान्यानंच दाखवलं: “टिटवी. चार अंडी.”
चौदा तारखेला ट्रॅक आखला,
सोळाला तिनं घातली.
मग?
मग चुना पुसला.

झेंडा पडला आणि सडा हलला.
मी एकतीस वर्षं गाडी चालवली,
घाटात आरशात बघायचो,
मागं पन्नास माणसं झोपलेली,
पन्नास माना एकाच बाजूला डुलणाऱ्या.
यांनी आरसेच काढून टाकलेत.
काय हलकी जात असेल गाडी!

गाडी आली की टिटवी उठायची,
शिव्या देत एक गिरकी, परत येऊन बसायची.
जीप दुसऱ्या फेरीनंतर बंद पडली,
म्हणजे पाच फेऱ्यांत सदतीस वेळा.
हिशेब एस.टी.चा आहे, चुकायचा नाही.
तिला सवय म्हणून झाली नाही.
मलाही नाही. दर गाडीला माझा उजवा पाय
ब्रेक दाबत होता,
चपलेखाली मातीत एवढा खळगा पडला.

चौथ्या फेरीला धुरळा असा उठला
की रेघ गेली, टायर गेले, समुद्र गेला.
उरले नुसते आवाज.
त्यातून ओम्नी ओळखू आली,
दुसऱ्या नंबरावर, पुढच्याला जवळजवळ चिकटून,
आणि टिटवी ओरडली तशी
गिअर खाली आला,
एक श्वास आधीच.
दोन मारुती बाजूनं निघून गेल्या.

संपल्यावर ती बोनेटवर पाणी ओतत होती.
“तिसऱ्याला लवकर सोडलंस,” मी म्हटलं.
तिनं मान वर केली. सगळी लाल, पापण्यासुद्धा.
“तुमका दिसला?”
“ऐकलं.”
“मग फुडल्या टायमाक बाजूक बसा.”
“बाजूची सीट काढलेली आहे.”
“घालू परत,” म्हणाली, आणि वाफेत
तिचा चेहरा गेला.

छत्री उघडायची राहिलीच.

रात्री कानातून माती निघाली.
हिनं विचारलं, कोण आला पहिला?
मी म्हटलं, होता कुणीतरी.
लाल मारुतीवाला.
कुडाळचा.