अर्थ मिळून नाही राहिला

इंजिन काटोलच्या भंगारातलं.
ज्या ओम्नीतून निघालं ती बाभळीवर चढली होती,
इंजिनाला मात्र ओरखडा नव्हता.
टरबूज वाजवून घ्यावं तसं
कान लावून घेतलं मी.

इंदूबाई उईकेंचं जुनं इंजिन उतरवलं
तेव्हा सीटखालची ती पोकळी
इतकी तेलकट, इतकी काळी
की मला राहवलं नाही.
रॉकेलनं धुतली, बनियनच्या चिंध्यांनी पुसली,
वर चंदेरी रंगाचे दोन हात मारले.
इंदूबाई म्हणाल्या, "लग्नघर सारवल्यावानी केलं ना बावा."

मग चावी.
खर्र खर्र खर्र.
सेल्फ फिरतो, पट्टा फिरतो,
पेट्रोलचा वास पार नंदोरीच्या फाट्यापर्यंत,
पण इंजिन पकडत नाही.

मागे दीडशे ताटं, अकरा गंज,
भाताचे झारे, पाण्याचे ड्रम.
कोऱ्याला चौदा तारखेचं लग्न.
आज बारा.

प्लग काढून पकडीत धरला, बॉडीला टेकवला.
उन्हात ठिणगी दिसत नसते, म्हणून
मी आणि प्रज्योत, दोघांनी
एकाच पोत्यात डोकी घातली.
पोत्याला सरकीचा वास.
इंदूबाई चावीवर. "मारा सेल्फ!"
आत अंधार होता.
"दिसलं का?"
"नाही."
"आता?"
अंधारच.

नवा प्लग. तेच.
कॅप उघडली, रोटर घासला, वायर बदलली.
अन्सारच्या चालत्या गाडीची कॉइल
तासाभराच्या बोलीवर मागून आणली. तेच.
पानठेल्यावरून चार लोक आले,
एकानं लिंबू कापायला सांगितलं,
एक म्हणाला, "मेलेल्या गाडीचं इंजिन हाये, रुसलं असन."
मी हसलो नाही.
माघातही पाठ घामानं भिजली होती.

टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावून
सुई फिरवली घरोघर:
कॉइलला, पेटला. फ्यूजला, पेटला.
इग्नायटरच्या लाल वायरला, पेटला.
पिकअपचा आकडा मीटरवर बरोबर.
सगळीकडे करंट, आणि कुठंच आग नाही.
बत्तीस वर्षं हात काळे केले,
आणि एका डबीपुढं
मी नापास पोरासारखा उभा.

रात्री दहाला इंदूबाईंनी
पोपटाच्या शेंगा उकडून आणल्या.
प्रज्योत एकटाच खाली वाकलेला.
बॅटरीपर्यंत हात पुरेना,
म्हणून आळसानं त्यानं चिमटा
इग्नायटरच्या पट्टीलाच लावला
आणि सुई लाल वायरला.

लॅम्प पेटला नाही.

"काका," तो हळूच म्हणाला,
"इथं अर्थ मिळून नाही राहिला."

मी टॉर्च धरला.
पट्टीखाली, बोल्टाखाली, चहूबाजूंनी
माझा चंदेरी रंग.
गुळगुळीत. कुठं ओघळ नाही.
इतका छान की करंटला
घरी परतायला वाटच ठेवली नव्हती.

बोल्ट सोडला. ब्लेडनं खरवडलं
रुपयाएवढं, उघड्या पत्र्यापर्यंत.
परत आवळला.
पोत्याची आता गरज नव्हती, रात्र होतीच.
"मारा सेल्फ."

टक्. टक्. टक्.
निळी. सुईच्या टोकाएवढी.
प्रज्योतचं नाक त्या उजेडात
मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

प्लग बसवला. पहिल्याच अर्ध्या चक्करीत
काटोलचं इंजिन खोकललं, थरथरलं,
आणि मागं दीडशे ताटं एकदम बोलायला लागली.

"काय झालं होतं मंग?" इंदूबाईंनी विचारलं.
मी प्रज्योतकडे पाहिलं.
तो शेंग सोलत होता, मान खाली.
"अर्थ सुटला होता," मी म्हणालो.
रंग कोणी दिला, ते बोललो नाही.
तोही बोलला नाही.

बिलातून शेवटचा दिवस वगळला.
त्या का, म्हणाल्या.
म्हटलं, शेंगा खाल्ल्या ना.