अडीच फुटांचा देश

नकार आला एका छापील कागदावर.
खूण केलेल्या चौकटीपुढे लिहिलं होतं
की मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल
याची आम्हाला खात्री वाटत नाही.
फणशांनी तो दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
मग म्हणाले, कुमुद, आपण परत नसतो आलो?
दांडिया बाजारातला दुसरा मजला,
माझं पेन्शन, तुझी लोणच्याची बरणी, सगळं टाकून?

लक्झेंबर्गची सहल होती.
एवढासा देश, सकाळी इकडून निघालं
तर जेवायला पलीकडे.
पत्रक मी डब्याखाली घालणार होते,
त्यांनी ते इस्त्रीच्या कपड्यांखाली सपाट केलं
आणि रविवारी इम्तियाजची गाडी बोलावली.

दिवस पहिला : तटबंदीचं प्राचीन गाव.
म्हणजे डभोई.
हिरा भागोळीखाली मान दुखेपर्यंत वर पाहिलं.
दगडाच्या बायका, दगडाचे हत्ती,
आणि खाली कोणाची तरी वाळत घातलेली गोधडी.
घडवणाऱ्याला इथेच जिवंत गाडला म्हणतात.
असं सगळ्याच दारांबद्दल म्हणतात, हे म्हणाले,
आणि पत्रकावर पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

दिवस दुसरा, त्याच दुपारी : नौकाविहार.
चांदोदचा नावाडी म्हणाला, काकी, त्रण नदी छे,
एक देखाती नथी.
पैसे तिन्हींचे घेतले.

संखेड्याला लाखेचा वास आणि नारिंगी धूळ.
खराद्यानं विचारलं, क्यांथी आव्या?
वडोदराथी.
ना, मूळ?
मूळ अडीचशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आलं होतं,
आता त्याला कुठून बोलावू?
खराद्या हसला, हे हसले नाहीत.
घरात मूल नसताना एक भिंगरी घेतली.

परतताना कापसाच्या शेतांमध्ये, फाटकापाशी,
इम्तियाज, थोभो.
चौतीस वर्षं प्रतापनगरच्या कारखान्यात
ह्यांनी छोट्या गाडीची चाकं तपासली.
आता रूळ मोठे झालेत, गाडी जोरात जाते
आणि कोणासाठी थांबत नाही.
बोरीच्या जाळीतून वाट काढत हे बांधावर चढले,
दोन पाय फाकवून उभे राहिले.
एवढी, म्हणाले. बघ, एवढीच रुंद होती.

मी खालून बघत होते. सदऱ्याला कुसळं,
हातात पत्रक, गुडघा दुखतोय हे कबूल न करणारे.
राज्य सगळं तुकड्यातुकड्यांचं, ते वरूनच सांगत होते,
एक परगणा इथे, एक तिथे, मधे दुसऱ्याचं गाव,
कुरमुऱ्यांची पुडी फुटल्यासारखं.
आणि ही बाई सावकाश वेचत फिरायची.
दुधाच्या बरण्या, नवरीकडची माणसं,
कोर्टाच्या तारखा.
चढावर लोक उतरून बोरं खायचे, परत चढायचे.
परत चढायचे, कुमुद. सगळे.

त्यानंतर गाडीत कोणी बोललं नाही.
इम्तियाजनं काच वर केली, मग खाली केली.
तूर उभी होती दोन्हीकडे, नंतर पेट्रोलपंप,
नंतर आमचे दिवे.

दारात चप्पल काढताना म्हणाले,
त्यांना कळवायला हवं.
कोणाला?
तिकडच्यांना. की आलो.

मी आत गेले.
सकाळचं दूध नासलं होतं.