बहात्तर सेंटिमीटर

चौतीस वर्षं मी पूल उचलला,
आउडेझाइलच्या कालव्यावरचा, हिरवा, कुरकुरणारा.
खाली होड्या खोळंबायच्या,
वर सायकली, दुधाचा टँकर, शाळेची पोरं,
आणि मधे मी.
गळाच्या दोरीला लाकडी बूट बांधून खाली सोडायचो.
लोक त्यात टोल टाकायचे,
कुणी मूठभर चेरी,
एकदा कुणीतरी मेलेला मासा.
मग सगळे निघून जायचे
चालत्या माणसाच्या चालीनं.
पाटीच होती तशी : ताशी सहा.

आता पूल आपोआप उघडतो.
म्हणजे, आपोआप नाही.
चाळीस किलोमीटरवर एका खोलीत
कुणी मुलगी पडद्यावर बघते, बटण दाबते,
भोंग्यातून ‘शुभप्रवास’ म्हणते.
आवाज बरा आहे तिचा.
माझी केबिन पाडली, तेव्हा
खिडकी तेवढी मी मागून घेतली.

ती आता शेडला बसवली आहे,
आणि तिच्या उजेडात ही बोट.

पहिला सांगाडा कण्यातच वाकडा निघाला.
दुसऱ्याला बर्चचं दीड मिलिमीटर प्लायवूड
ओल्या फडक्यात रात्रभर निजवलं,
तरी नाकाशी वाकवताना कटकन बोललं.
तिसऱ्याला चहाच्या किटलीची वाफ दिली.
चित्स्के म्हणते, चहाला इपॉक्सीचा वास येतो.
येतो. मी दोन कप पितो.

तळाच्या कडा मात्र धारदार लागतात.
हे मला फार उशिरा कळलं.
गोल कडेला पाणी बिलगून राहतं,
मागे ओढतं;
धार दिसली की सोडून देतं.
आठवडाभर पॉलिशपेपर घासला,
बोटांचे ठसे गेले,
फोन मला ओळखेना.

मोटर मुठीत मावते
आणि मुठीत धरवत नाही, इतकी तापते.
तिच्याभोवती पितळेची नळी गुंडाळली,
सुकाणूच्या पात्यात भोक पाडलं :
जितकी धावेल तितकं पाणी पिईल.
थांबली की तहान.
सर्वो, रिसीव्हर, बॅटरी वेल्क्रोवर,
पुढे-मागे सरकवत,
दोन बोटांवर बोट तोलली
जोवर ती कुणाचीच बाजू घेईना.
उरलेल्या जागेत फोम कोंबला.
बुडणार नाही. उलटेल फार तर.

रंग लाल. नाव नाही.

रविवारी सकाळी सात वाजता,
धुकं अजून गाईंच्या पोटाएवढं,
कालव्यात सोडली.
ट्रिगर ओढला
आणि बहात्तर सेंटिमीटर लाल काहीतरी
पाण्यावरून निघालं,
पाण्यातून नव्हे,
फक्त पंखा तेवढा पाण्याला धरून.
बदकं शिव्या देत उडाली.
ताशी सहाची पाटी
तिनं दहापट वेगानं ओलांडली
आणि मी, हिल्के, वय एकाहत्तर,
मोठ्यानं काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही.

भोंगा खरखरला.
‘लाल बोट,’ ती मुलगी म्हणाली.
‘लाल बोट, उंची किती?’
मी कॅमेऱ्याकडे बघत
अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.
थोडा वेळ काहीच नाही.
मग घंटा वाजली, दिवे लाल झाले,
फाटक पडलं, टँकर थांबला,
आणि तो सबंध पूल, अठरा टनांचा,
कुरकुरत, माझ्यासाठी,
मी न उचलता उभा राहिला.

बरोब्बर त्याच्याखाली बॅटरी संपली.

धावत शेडमध्ये गेलो, गळ आणला,
आणि लाकडी बूट,
त्याच्या टाचेशी बोट अडकवून
हळूहळू ओढली,
चालत्या माणसाच्या चालीनं.
टँकरवाला उतरून कठड्याशी आला होता.
काही बोलला नाही.
खिसा चाचपून
बुटात पन्नास सेंट टाकले.

घरी झाकण उघडलं.
आत चमचाभर पाणी.
शाफ्टच्या नळीत ग्रीस कमी पडलं असणार.