हरिपूरची शीव

कोथळीचा पूल झाल्यापासून
जोतीराम भोयाच्या नावेत बसतं कोण?
आज मी, आणि माझा तापमापक.

मधल्या धारेत तो वल्हं उचलून धरतो.
"ही बघा शीव."
उजवीकडून वारणा, विटकरी.
डावीकडून कृष्णा, काळ्या रानाची माती घोळलेली.
मध्ये फेसाची रेघ,
तीत पाचट, केंदाळ, कुणाची तरी एक चप्पल,
आणि रेघ धरून खाली-वर झेपावणारी सुरय.

बंगालच्या उपसागरात अशाच रेघेवर
चाळीस रात्री काढल्यात मी.
पुस्तकात तिला आघाडी म्हणतात,
जशी काही निवडणूकच लागलीय.
एका अंगाला नद्यांनी आणून ओतलेलं गोडं,
दुसऱ्या अंगाला खारं, जुनं, जड.
तिथंही फेस, तिथंही पक्षी.
चप्पलसुद्धा.
यातली एखादी इथूनच गेली असेल.

जोतीरामला सांगते:
पाणी पाण्याला भेटलं म्हणून मिसळत नाही.
आधी अंग चोरून शेजारून चालतं.
मग एखादा भोवरा याच्यातलं थोडं उचलतो,
त्याच्यात नेऊन ठेवतो,
ओढतो, पिळतो, शेवयांसारखं बारीक करत नेतो,
इतकं बारीक, की शेवटी
कणाला कणापासून लांब राहायला
जागाच उरत नाही.

"व्हय," तो म्हणतो.
"आमची मंडळी ऐनापूरची.
दोन वर्सं माझ्याशी कानडीत भांडली.
एक दिस भांडता भांडता
मीच कानडीत उत्तर दिलं.
कवा शिकलो, म्हाईत न्हाई."

तीन उन्हाळे झाले तिला जाऊन.

म्हणून पुढचं मी त्याला सांगत नाही:
की खोल समुद्रात कधी कधी
अगदी सारख्या वजनाची दोन पाणी असतात,
एक ऊन आणि खारं,
एक गार आणि त्याहून गोडं,
आणि ती एकमेकांत मिसळली
की दोघांपेक्षा जड होतात.
बुडतात.

तापमापक सोडते.
वारणा पंचवीस.
कृष्णा साडेसव्वीस.
रेघेवर आकडा थरथरत राहतो.
वहीत तेवढा रकाना कोरा ठेवते.

सांगलीकडून मळीचा वास येतो. ऊन कलतं.
नाव फिरवायची, तर धार फिरवू देत नाही.
जोतीराम तिला कानडीत एक शिवी हासडतो,
हळूच, लाडानं,
आणि ती वळते.