मध्ये जागा सोडू नये

कायम वास्तव्याच्या फॉर्ममध्ये सूचना आहे :
गेल्या दहा वर्षांत काय करत होता ते महिन्यानिशी लिहा.
मध्ये जागा सोडू नये.

साखर पेठेतल्या घरी पलंगाखालची ट्रंक ओढली.
वर चादर, मोराची, आमच्याच मागावरची.
खाली आप्पांचं मिलचं कार्ड : बदली कामगार.
अकरा वर्षं रोज गेटवर उभं राहून
आप्पा कायम झालेच नाहीत.
त्याखाली मी :
महापालिकेच्या दाखल्यात गाजुल,
तेलुगू शाळेच्या दाखल्यात गाज्जुल,
पासपोर्टात इंग्रजी दोन ओ लावून गाजूल.
आडनावाचा अर्थ बांगड्या.
ज्याने त्याने आपल्या मापाने चढवल्या.

कोर्टाबाहेर निंबाखाली हिरेमठ टायपिस्ट.
"तिन्ही इसम एकच का?"
म्हटलं, बहुतेक.
"बहुतेक चालत नाही. शपथेवर आहे हे."
टायपिंगचे वेगळे, नोटरीचे वेगळे.

अनुभवाचा दाखला.
अक्कलकोट रोडला दासरी मालकांच्या कारखान्याच्या जागी
आता मंगल कार्यालय आहे.
खुर्च्यांच्या थप्पीमागून त्यांनी जुनं लेटरहेड काढलं,
फोन नंबर सहा आकडी.
"कामाचं स्वरूप काय लिहू?
पाच ओळी लागतात म्हणालास."
देखभाल. दुरुस्ती. ऑइलिंग. पाळीची नोंद.
चौथ्या ओळीनंतर आम्ही दोघंही गप्प.
बत्तीस माग चालू असताना
मी पलीकडच्या पत्र्याखालून ओरडायचो,
अकरा नंबरची कांडी संपली,
आणि अकरा नंबरचीच संपलेली असायची.
हे कोणत्या रकान्यात बसतं?
मालक म्हणाले, "गुणवत्ता नियंत्रण लिहितो."

पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार घरी आले.
साक्षीला बोड्डूल आणि त्यांचा जावई,
दोघंही सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात.
हवालदारांनी अम्माला विचारलं, पोरगा कसाय?
अम्मा पानं कातरत होती.
"कसला की. वेळेवर जेवत नाही."
त्यांनी लिहिलं : वर्तणूक चांगली.

राहिले सात महिने.
कारखाना बंद झाल्यापासून पुण्याची नोकरी लागेपर्यंतचे.
यादीतून निवडायचं : नोकरी, शिक्षण, प्रवास, बेरोजगार.
त्या सात महिन्यांत मी अम्माशेजारी बसून विड्या वळल्या,
हजारात चारशे माझ्या.
कार्डावर नाव अम्माचं एकटीचं.
छाटात गेलेल्या मात्र जवळजवळ सगळ्या माझ्या,
त्यांचे पैसे कापल्याचं वहीत आहे, तारखेसकट.
म्हणजे पुरावा आहे तसा.
मी बेरोजगार निवडलं.
हिरवी खूण आली.

पुढचं पान, कुटुंब.
वडील : मयत, तारीख.
आई : नाव, जन्मतारीख.
अम्मा म्हणते, गड्ड्याच्या जत्रेच्या आधी, पाळणे उभे राहत होते तेव्हा.
साल विचारू नये.
आधारवाल्यांनी सगळ्या गल्लीला दिला तसा तिलाही
एक जानेवारी दिलेला,
तिच्या बाबतीत चुकून जवळपास बरोबर.
तोच टाकला.

तुमच्यासोबत येणार का?
दोन गोल. हो. नाही.

मी मान वर केली.
सूप मांडीवर, तोंडात दोऱ्याचं टोक,
अम्मा माझ्याकडेच बघत होती.
"किती राहिलं रे अजून?"
एकच.
"मग भर की. भाकरी गार व्हायली."

भाकरी, शेंगाचटणी, वर दही.
दोघं काही बोललो नाही,
शेजारी कुणाचा तरी माग चालू होता
आणि मी सवयीनं ऐकत होतो
कुठे अडतोय का.

हात धुऊन आलो तर स्क्रीन काळी.
वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा.
पहिलाच रकाना, आडनाव.

दोन ओ लावले.