थाळीतलं पीठ

शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
वाळू चाळली मी.
पितळी चाळण्या एकावर एक, तळाला थाळी.
कुठल्या जाळीवर किती ग्रॅम राहिलं
ते वहीत लिहायचं.
थाळीत उतरलेलं पीठ
दारात नेऊन झटकायचं,
वारं असेल तर तोंड फिरवून.

आता शिरगुप्पे डॉक्टर पंपाचं माप सांगतात.
थेंब मोठा असला की घशातच आपटतो,
कावळा नाक्यावर वळण न घेतलेल्या ट्रकासारखा.
फारच बारीक असला
तर आत फिरून श्वासाबरोबर परत,
चहासुद्धा न घेता.
तीन-चार मायक्रॉनचा तेवढा मुक्काम करतो.

म्हटलं, साहेब, आणि आमची धूळ?
त्यांनी फोटो उजेडाकडे धरला.
म्हणाले, माप तेच, मगदूम.
ती आधी आली, एवढंच.

घरी आल्यावर पंप हलवला
आणि खिडकीच्या तिरप्या उन्हात
एक दाब नुसताच हवेत सोडला.
सुनंदा आतून ओरडली,
अहो, दोनशेतला एक गेला की!
मी बघत होतो.
जाड थेंब चमकले, बसले,
खिडकीच्या कट्ट्यावर ओल उमटली, सुकली.
दिसलं ते सगळं घशापुरतं.

दुसरा दाब तोंडात.
हळू ओढला, कोंडून धरला.
सुनंदा दारात उभी राहून दहापर्यंत मोजते,
सातावर नेहमी थांबते, माझ्याकडं बघते,
मग आठ.