ओळीची उंची

नळस्टॉपच्या पुढे, झेरॉक्सच्या वर, दुसरा मजला.
टेबल एकच. पहिल्याच दिवशी वैदर्भीनं
मधोमध निळी चिकटपट्टी लावली.
"बागवान, इकडे दिसणं. तिकडे चालणं."
मी म्हणालो, चालेल.

आठ महिने चाललं.
तिच्या चित्रात सगळ्यांची नावं आखूड असत,
शोधलं की सापडायचंच,
आणि नेट कधी जात नसे.
माझ्याकडे यायची ती खरी माणसं,
श्रीमती सत्यभामा पुरुषोत्तम खळदकर-इनामदार,
चौकटीबाहेर लोंबकळत.
"नाव छोटं करायला सांग ना त्यांना," वैदर्भी म्हणायची,
आणि ती अर्धीच गंमत असायची.

गिऱ्हाइकाला काहीच सापडलं नाही
तर काय दाखवायचं, ते तिनं काढलं नव्हतं,
मी विचारलं नव्हतं.
ते पान पांढरंच राहिलं,
पट्टीच्या बरोबर खाली.

मग तांबट आळीतले वडके आले.
बंब, घंगाळं, हंडे, पंचपात्री.
फोटो तिनं स्वतः काढले, सकाळच्या तिरप्या उन्हात,
तांबं असं, की स्क्रीनला हात लावावा.
नावं घट्ट बसवली, ओळीला ओळ चिकटून.
नमुन्यातल्या इंग्रजीत फार देखणं दिसत होतं ते.
मी चित्राबरहुकूम केलं. पिक्सेलला पिक्सेल.

गुरुवारी वडक्यांचा फोन.
भोरच्या एक बाई कळशा मागतायत,
निदान दोन तरी,
एका कळशीच्या पैशात.
तुमच्यातच तसं लिहिलंय म्हणतात.

बघितलं.
वेलांटीचं डोकं वरच्या कडेला कापलेलं,
नुसता काना उरलेला.
कळशीच्या कळशा.
शेजारी बंबाचा बब.

"ओळीची उंची तुझी."
"कापलं तुझ्या चौकटीनं."
"चौकट तुझ्याच चित्रातली."
"तुला दिसलं नाही? मराठी वाचता येतं ना?"
"बघणं तुझ्याकडे होतं, वैदर्भी."

खाली झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं.
बोलून गेलो आणि मीच जरा घाबरलो,
कारण ते खरं होतं.
तो शब्द मी पंचवीस दिवस रोज उघडत होतो
आणि एकदाही वाचला नव्हता.

शनिवारी माफी मागायला आळीत गेलो, एका स्कूटरवर.
ठोक्यांचा आवाज इतका
की माफी दोनदा ओरडून मागावी लागली.
वडक्यांनी हात वर केला, थांबा.
त्यांच्याकडे आधीच एक चालू होतं:
घडवणारा म्हणत होता, ठोके वाकडे.
मठारणारा म्हणत होता, पोटाला उतारच धड नाही,
ठोके बसवू कुठं?
मधे हंडा, उपडा,
त्याच्यावर दोघांचाही हात.
वैदर्भीनं माझ्याकडे बघितलं. हसली नाही.
मीही नाही.
भोरच्या बाईंना कळशी एकच मिळाली,
वर एक फुलपात्र,
त्याचे पैसे आमच्या बिलातून.

त्या रात्री तिनं खुर्ची ओढली माझ्या बाजूला.
"कुठं असतं ते?"
मी ओळ दाखवली. एक पूर्णांक एक.
तिनं एका बोटानं एक पूर्णांक सहा केलं
आणि अर्धविराम विसरली.
पुढच्या ओळीतला तांब्याचा रंग गेला.
मी गप्प बसलो. सोपं नव्हतं.
दहा मिनिटांनी तिनंच शोधला.

तोवर मी तिच्या वहीत
काहीच न सापडल्याचं पान काढलं:
पेन्सिलीनं एक रिकामी कळशी,
बरीचशी बदकासारखी.
"असंच ठेवू," म्हणाली.
मग म्हणाली, "नको. काठ तरी सरळ करू दे."

पट्टी अजून आहे.
एक टोक सुटलंय, त्याला धूळ चिकटलीय.
चहाचा कप कुणाच्या बाजूला ठेवायचा
यावर काल पुन्हा झालं.